आतोबांची शाल

काशीत मोक्ष मिळतो की नाही हे मला ठाऊक नाही; पण आमच्या आतोबांच्या हातून शाल मिळाली की नोकरी हमखास मिळते, तीही दुसऱ्या गावची. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे काशीतच, दूधविनायकाजवळ दिव्यांग मुलांची शाळा काढली आणि दर वर्षी तिथल्या एका कर्मचाऱ्याचा सत्कार करायचं व्रत घेतलं.

कौतुक करणं ही त्यांची जुनी खोड. भेंडी कोवळी निघाली म्हणून त्यांनी भर गल्लीत भाजीवाल्याला वाकून नमस्कार केला होता, आणि मागे गल्लीतला सांड खोळंबून उभा होता. सत्काराचं मानपत्र ते स्वतः रचत, तेही इतक्या जड मराठीत की सत्कारमूर्ती घाबरून माझ्याकडे बघत. "तारीफ़ कर रहे हैं," असं मी सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येई, आणि तो बघून दिल्ली-लखनऊच्या मोठ्या संस्था बोलावणं धाडत. व्यायाम करवून घेणारे गेले, खुणांची भाषा शिकवणारी गेली. आत्या म्हणे, "अहो, तुमची शाल मतलब गाडीचं तिकीट. त्या मुलांनी नवे नवे चेहरे ओळखायचे तरी किती?"

शेवटी राहिल्या सरितादीदी. शाळेत मुन्नी नावाची एक मुलगी आहे. तिचे हात तिचं ऐकत नाहीत. सरितादीदींनी वर्षभर पिच्छा पुरवून तिला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं. त्या जाऊ नयेत म्हणून आतोबांनी कौतुकच बंद केलं. एवढंच नाही, त्यांच्या कामात खोट शोधायला लागले, पण ती सापडेना. "सरिताजी, आपकी चप्पल बहुत आवाज करती है," एवढं कसंबसं म्हणाले आणि स्वतःच दिवसभर उदास बसून राहिले. दीदी पक्क्या बनारसच्या, ऐकून घेणाऱ्या नव्हेत. "बाबूजी, सबको शाल दिए. हमरे काम में का कमी रह गई?" मला दोघांचंही वाईट वाटलं.

त्या वर्षी सत्कार शाळेच्या ड्रायव्हरचा ठरला. ऐन वेळी आतोबा शाल घेऊन उठले, ड्रायव्हरला ओलांडून पुढे गेले आणि सरितादीदींसमोर उभे राहिले. ड्रायव्हर बिचारा मान झुकवूनच राहिला. एवढी वर्षं मुरलेलं मानपत्राचं मराठी त्यांना आठवेना. "जाना हो तो जाइए," ते म्हणाले, "पर ये सुनकर जाइए कि आप जैसा यहाँ कोई नहीं आया." या वेळी मला काही समजावून सांगावं लागलं नाही. दीदी रडत होत्या.

होळीनंतर त्या लखनऊला गेल्या. त्यांचं काय चुकलं? मुन्नीने मात्र चमचा टाकला, तो पुन्हा हातात धरेना. नवीन कोणी यायला तयार नाही. आता रोज दुपारी आतोबाच दहीभात घेऊन तिच्यासमोर बसतात. ती घास थुंकते, तो त्यांच्या चष्म्यावर पडतो, आणि ते म्हणतात, "वा, काय नेम आहे." मला ते बघवत नाही.

परवा मुन्नीने चमचा उचलला. निम्मा भात वाटेत सांडला, पण उरलेला तोंडात गेला. मी धावत जाऊन कपाटातली शाल घेऊन आलो. आतोबांनी चष्मा पुसला, शालीकडे पाहिलं, मग मुन्नीकडे, आणि हळू आवाजात म्हणाले, "ठेव रे ती परत. ही तरी राहू दे."