मुलाणी सर आणि बावड्याचा पाळणा

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्या चकचकीत बोल्टावर लगेच विश्वास ठेवू नये. ही सूचना माझी नाही, आमच्या मुलाणी सरांची. निवृत्त होऊन ते आता भिगवणला मुलीकडे राहतात. त्याआधी बारामतीच्या कॉलेजात ते मेकॅनिकल शिकवत आणि मी शेजारच्या टेबलावर बसून त्यांचा डबा संपवत असे. कुणाच्या घरी गेले की सर आधी यजमानांकडे नाही, झोपाळ्याच्या कड्यांकडे बघत.

त्यांचं संशोधन धातूत मुरलेल्या हायड्रोजनवर होतं. कठीण पोलाद ॲसिडमध्ये बुडवून त्यावर प्लेटिंगचा चकचकीत मुलामा चढवला की हायड्रोजनचे अणू आत शिरतात आणि ते ठिसूळ होतं. तुटतं मात्र नंतर, ताण बसल्यावर, सावकाश. सर संगणकावर अख्ख्या बोल्टाचे बारीक बारीक तुकडे पाडत. कुठे किती अणू जमतील, तडा कुठून निघेल, याचं गणित मांडत. गणित तीन-तीन दिवस चाले. तेवढे दिवस संगणकावर पाटी असे: ‘उपोषणाला बसला आहे. हात लावू नये.’ हा हायड्रोजन असं करतो तरी काय, असं मी एकदा विचारलं.

“न बोलावता आलेला पाव्हणा हाय त्यो,” सर म्हणाले. “दोन बोटं जागा मागतो आन भिंती हलवून जातो.”

एका वर्षी त्यांचे शाळासोबती काशिनाथराव यांनी बावड्याच्या यात्रेत मोठा पाळणा उभा केला. जुने बोल्ट गंजले होते. नवे, भारी पोलादाचे घेतले आणि यात्रेत उठून दिसावेत म्हणून घाईघाईने प्लेटिंग करून आणले. सरांनी विचारलं, नंतर भट्टीत काही तास तापवले का? तसं केलं की हायड्रोजन निघून जातो. काशिनाथराव म्हणाले, बोल्ट होते, खारी नव्हती. वर हेही सांगितलं की वाळूची पोती बसवून पन्नास फेरे मारलेत, काही तुटलं नाही.

“आज न्हायच तुटणार,” सर म्हणाले. “म्हणून तर भ्या वाटतंय.”

पहिल्या फेऱ्याचा मान गावच्या सोपानआबांचा. शेजारी काशिनाथरावांची सहा वर्षांची नात बसणार होती. नवा फेटा बांधून आलेल्या आबांनी सरांना ऐकवलं की, पोरं नापास करून पोट भरलं नाही म्हणून आता पाळणा नापास करताय होय.

“आबा, फुडच्या वर्षी बी मान तुमालाच पायजे ना?” सरांनी नम्रपणे विचारलं.

शेवटी सौदा ठरला. त्याच बोल्टांपैकी एक सरांनी जाड नळीत घालून पाळण्याइतकाच आवळला, चहाच्या टपरीवर ठेवला आणि उडून कुणाला लागू नये म्हणून वर घमेलं पालथं घातलं. उद्या दुपारी बारापर्यंत तुटला नाही तर पाळणा सुरू, आणि सरांनी गावाची माफी मागायची. अशाच बोल्टाच्या संगणकावरच्या जुन्या गणितानुसार तो सकाळी दहापर्यंत तुटणार होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. घमेलं गप्प. अकरा वाजता कुणीतरी घमेल्याला हार घातला. मीच घातला, खोटं कशाला बोलू. सर बशीत चहा ओतत होते आणि बशी भरून वाहू लागली तरी ओततच होते. काशिनाथराव नातीचा हात धरून पाळण्याकडे निघाले.

बाराला दहा कमी असताना घमेल्याखाली ठण्ण झालं.

उचलून पाहिलं तर बोल्टाचं डोकं वेगळं, काच तडकावी तसं. हात कुणीच लावला नव्हता. काशिनाथरावांनी नातीला कडेवर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. सरांनी वहीत लिहिलं, ‘दोन तास चुकलं,’ आणि बारामतीला फोन करून प्लेटिंग नसलेले काळे बोल्ट मागवले.

संध्याकाळी पाळणा सजला, मानकऱ्याला बोलावणं गेलं. आबा मात्र टपरीच्या बाकावरून हलेनात. डावा हात कमरेखाली घट्ट दाबून ते सरांकडे बघत होते.

“मास्तर,” आबा म्हणाले, “माज्या खुब्यात दोन स्क्रू बसवल्यात. डागदरनं दावलं तवा लई चकाकत व्हतं वो!”