गफूरचाचांचं कट-पेस्ट

आमच्या वाचनालयाच्या गफूरचाचांनी मला तीन वर्षं फसवलं.

आज सकाळी ते गेले. म्हणून आता सांगायला हरकत नाही.

शहागडच्या बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. चाचा आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. शिपाई तेच, झाडून काढणारेही तेच.

बारावीनंतर माझे वडील, आप्पा, म्हणाले, "रोज एसटीनं कॉलेजला जायचं न्हाई. शिकायचं तर घरी बसून शीक."

मी बी.ए.चा फॉर्म बाहेरून भरला. वर्ग नाही, सर नाहीत, पुस्तकं नाहीत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. विचारायचं कोणाला?

त्याच वर्षी वाचनालयाला कोणीतरी कॉम्प्युटर दिला. त्यात इतिहासाची, अर्थशास्त्राची ई-पुस्तकं भरलेली होती. आमच्या टायरच्या दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर होताच. फक्त पेन ड्राइव्ह न्यायचा आणि आणायचा.

पण चाचा पुस्तक कॉपी करत नसत. कट करत.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट करत. मग स्क्रीनवर ते पुस्तक उरलं नाही ना, हे दोनदा बघत. रजिस्टरमध्ये माझी सही घेत. पेन ड्राइव्हच्या भोकात दोरा ओवून कागदाची चिठ्ठी बांधत, तिच्यावर परतीची तारीख. बराबर सात दिवस.

मला हसू आलं होतं.

"चाचा, कॉपी करा ना. तुमच्याकडं पण राहील, माझ्याकडं पण."

"एक किताब दोन घरी कशी राहील बेटा? तू मामाच्या गावाला गेली तर इथं दिसती का?"

मी सही केली आणि पेन ड्राइव्ह घेऊन निघाले.

मी वाचनालयात बसलेलं आप्पांना आवडायचं नाही. "चार लोकं येतात तिथं." पण दोऱ्याची चिठ्ठी त्यांना लगेच कळायची. दुकानदार माणूस.

"आज तारीख हाये ना? मंग दुसऱ्याची चीज कशाला ठेवून राह्यली? जा जल्दी, देऊन ये."

द्यायला पाच मिनिटं लागत. मी दीड तास बसायची. पेपर वाचायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकायची, हळूहळू त्यात बोलायलाही लागले. परीक्षेचा फॉर्म, फोटो, हॉल तिकीट, सगळं चाचांच्या टेबलावर झालं.

शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला.

पेन ड्राइव्ह उघडला. रिकामा.

अर्थशास्त्राचं पुस्तक अर्धं वाचायचं राहिलेलं. गावातली एकुलती एक प्रत, आणि ती माझ्या हातून गेली.

मी वाचनालयाकडे फिरकलेच नाही. शेवटी आप्पांनीच हाकललं, तारीख उलटली म्हणून.

"चाचा, पुस्तक गेलं." एवढंच म्हणता आलं. पुढे रडूच आलं.

"अरे, कोई मरा क्या? सरक तिकडं."

त्यांनी माऊस घेतला आणि एक वेगळंच फोल्डर उघडलं. सगळी पुस्तकं तिथं होती. माझं पण.

"तुम्हाला कॉपी येते?"

"पहिल्या दिवसापासून येती."

"मग कट कशाला करत होता?"

चाचांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.

"कॉपी दिली असती तर तू एका दिवसात सगळी पुस्तकं घेऊन गेली असती. मंग आप्पानं तुला परत कशाला सोडलं असतं? पास तू घरी बसून पण झाली असती बेटा. बाहेर कवा निघाली असती?"

मग पुस्तक पुन्हा दिलं. चिठ्ठी बांधली. सही घेतली. सात दिवस.

मी पास झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. आप्पांनी पेढे वाटले.

तेव्हापासून वर्षभर मी दुकानाची बिलं काढते आहे.

मला ग्रंथपाल व्हायचं आहे. त्याचा कोर्स औरंगाबादला असतो. एकदा घरात विषय काढला होता. आप्पा "न्हाई" म्हणाले, विषय संपला. चाचांना मात्र मी अधूनमधून सांगत असे. ते ऐकून घ्यायचे, बोलायचे काही नाहीत.

आज दुपारी आप्पा कब्रस्तानात गेले होते. माती देऊन आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले. चहा तसाच ठेवला.

मग मला म्हणाले, "तुझ्या त्या लायब्ररीच्या कोर्सचे फॉर्म कवा निघतात?"

"तुम्हाला कशाला?"

"गफूरभाई रमजानमध्ये दुकानात आल्ता. तासभर बसला. पोरीला पाठव म्हणला. मी त्याला पण न्हाई म्हणलो." आप्पांनी गार झालेला चहा उचलला. "हॉस्टेलची चौकशी कर. मी येतो सोबत."

चाचा, फॉर्म पुढच्या महिन्यात निघतात.

मी भरते आहे.

खुदा हाफिज.