कानाचा पुरावा

निशातगंजच्या बाजारात माझे केस कापणारा न्हावी एका सिनेनटाचा भक्त होता. त्याचं म्हणणं, खरा नट आजारपणातून उठलाच नाही. हल्ली पडद्यावर दिसतो तो डुप्लिकेट. मी बँकेतला माणूस, पुरावा मागितला. त्यानं आरशाला चिकटवलेल्या जुन्या-नव्या फोटोंवर कात्रीचं टोक ठेवलं. "साहब, चेहरा बदल जाता है, कान नहीं बदलता." मला जुन्या-नव्या फोटोंतले कान सारखेच दिसायचे. तसं म्हटलं की तो माझं डोकं जरा जोरातच खाली दाबायचा.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. बारा वर्षांनी त्याच शहरात, विकास नगरला मुलाकडे आलो, तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे गेलो. दुकानात तुरटीचा वास तोच होता. मला मात्र टक्कल पडलेलं, मिशी गेलेली, दात नवे. त्यानं नव्या गिऱ्हाइकासारखं बसवलं, याचं वाईट वाटलं. मग कडेचे केस कापायला त्यानं माझा कान दुमडला आणि कात्री थांबली.

"बँकवाले साहब," तो हळूच म्हणाला, "आप तो असली निकले."

मी आरशात पाहिलं. माझी काही खात्री पटेना.