मे महिन्यातल्या शाली

"काढा! अहो, शाल काढा माझी! मेलो!"

स्टेजवर प्रमुख पाहुणे बोंबलत होते. दातांची कडकड माईकमधून अशी, जशी कोणी टिनावर गिट्टी ओततंय...

मी भुताखेतांना मानत नाही — स्मशानाच्या कट्ट्यावर बसून डबा खाल्लेला माणूस आहे. पण हे ऐका. बोरगाव मेघेतलं सभागृह, दुपारचे बारा, ऊन असं की स्कूटरच्या सीटवर पोळी भाजावी. कार्यक्रम : थंडीत उघड्यावर मेलेल्या बेघरांना श्रद्धांजली. हो, मे महिन्यात! पाहुण्यांची तारीखच मिळत नव्हती.

सूत्रसंचालक मी. मृतांच्या नावांचा कागद माझ्या खिशात. दाराशी शेवंताबाई बसलेली. तिचा पोरगा किसन जानेवारीत एका बंद दुकानाच्या पायरीवर थंडीनं आखडून गेला. दोनदा येऊन विचारून गेली, "भाऊ, किसनचं नाव येईन ना? माइकावर?"

"येईन ना बाई, बस."

अध्यक्ष कानाशी आले, "नावं शेवटी. आधी सत्कार."

थंडीनं मेलेल्यांच्या सभेत शाल-श्रीफळ! पाहुण्यांना शाल, त्यांच्या मेहुण्याला शाल, मंडपवाल्याला शाल. आणि टाळ्या वाजवा म्हणत कोण होतं? मीच. एक माझ्याही खांद्यावर पडणार होती ना!

तेवढ्यात पाहुणे ओरडले. मग मेहुणा. शाल अंगावर की ओठ निळे, लटलट कापणं. शाल काढली की पुन्हा घामाची धार. त्या गोंधळात माझ्याही खांद्यावर पडली तेव्हा — खोटं असेल तर जीभ झडो — हाडातलं पाणी गोठलं. पाच मिनिटांत हॉल रिकामा. समोशांचे डबे मात्र कोणी विसरलं नाही.

शाली स्टेजवरच पडल्या. शेवंताबाई आली, त्यातली एक उचलून डोक्यावरून घेतली.

"बाई, टाक ते! मरशीन!"

काही नाही. ना थरथर, ना दात. शांत उभी.

डॉक्टर म्हणतो, मनाचे खेळ. सगळ्या स्टेजच्या मनाला एकाच दुपारी एकच खेळ सुचला? शालीच्या दुकानातही जाऊन आलो. तिथला माणूस माझ्याकडेच संशयानं पाहत होता. आजवर मला काही उलगडलेलं नाही.

त्या दिवशी मात्र मी खिशातून कागद काढला, माईक चालू आहे का पाहिलं.

"बाई... वाचू का आता किसनचं नाव?"

तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"आता कोनाले ऐकवता?"