गाडीला आतून कडी

आमचं दोघांचं मिळून शेवटचं साधं काम म्हणजे एका रिकाम्या लोखंडी डब्यात उभं राहणं. मिस्त्रीनं बाहेरून दार लावलं आणि आत मी आणि ही, अंधारात. जिथं रिव्हेट मारायचे राहिले होते तिथून तेवढा उजेड येत होता. हिनं माझा दंड धरला होता. भ्यायली म्हणून नाही, गुडघा दुखायचा म्हणून.

"आता उघडा," ती म्हणाली.

मी दार ढकललं. हललं नाही.

"हातानं चाचपा. कडी हाय का कुठं?"

"न्हाई."

"मंग आतल्या मान्सानं काय करायचं?"

मी पत्र्यावर बुक्की मारली तेव्हा मिस्त्रीनं हसत दार उघडलं.

हा डबा म्हणजे पोराची बंद ट्रॉली. पोरगा डिंभ्याला धरणाच्या कडेला पाहुण्यांना मातीतून, दगडातून फिरवतो. त्याच्याकडे जाड चाकांच्या चार चाकी मोटारसायकली आहेत, तीन. हल्ली त्याला लांबून बोलावणी यायला लागली. कुठं रिसॉर्टवर, कुठं जत्रेत. उघड्या ट्रॉलीतून न्यायचा तर एकदा रात्रीतून बॅटऱ्या चोरीला गेल्या. तेव्हापासून तो गाड्यांपाशीच झोपायला लागला आणि मग त्यानं आळेफाट्याजवळच्या मिस्त्रीला आपल्या मापाची बंद ट्रॉली सांगितली. त्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं, म्हणून आम्हाला म्हणाला, तुमी दोघं जाऊन बघून या, काय हवं-नको सांगा. म्हाताऱ्यांचा मान ठेवायचा म्हणून म्हणाला असणार. हिनं ते खरं धरलं.

मिस्त्री जुन्नरचा, त्याच्या बापापासून लोखंडातलं घराणं. हिला मावशी म्हणायचा. हिनं त्याला दुपारभर कामाला लावलं. मागचा फाळका खाली पडला की त्याचाच उतार होतो आणि गाडी वर चढते. त्यावर ही स्वतः चढली, चप्पल सरकली, तर म्हणाली, आडव्या पट्ट्या मारा, ओली चाकं घसरतील. हवेची जाळी वर होती. ही म्हणाली, खाली बी पायजे, पेट्रोलचा वास खाली बसतो. तळाला गाड्या बांधायच्या पट्ट्यांसाठी कड्या होत्या, त्या मला ओढून बघायला लावल्या. मिस्त्री मला म्हणाला, "आबा, मावशीला इथंच ठेवून जा, मला सुपरवायझर पायजेच." ही म्हणाली, "पगार झेपायचा न्हाई तुला." हे सगळं हसतखेळत झालं. अडलं ते बाजूच्या लहान दारावर. माणसाला आत-बाहेर करायला ते दार. त्याला बोल्ट बाहेरून, कुलूप बाहेरून. आतून काही नाही.

हिला त्याचं का लागलं होतं ते सांगतो. आमचं घर पिंपरी पेंढारला, मळ्यात. बिबट्या आहे, आम्ही त्याला वाघच म्हणतो. म्हणून शेळ्यांच्या गोठ्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी आणि बाहेरून बोल्ट. मागच्या साली आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो, ही एकटी घरी. शेळी व्याली होती म्हणून आत बसलेली. शेजारचा भाऊबंद बांधावरून चालला होता. त्याला बोल्ट उघडा दिसला. वाघ फिरतोय, यांच्या शेळ्या जातील, म्हणून बिचाऱ्यानं बोल्ट घातला आणि गेला. आम्ही येईपर्यंत ही शेळ्यांत बसून. ओरडून घसा गेलेला. गावात लई हसले लोक. तीही हसली. पण तेव्हापासून कुठल्याही घरी गेली की आधी दाराची आतली कडी बघायची.

मिस्त्रीला ती तेच म्हणाली. पोरगं आत झोपणार, जाणारा येणारा कुणी तरी बोल्ट उघडा बघणार आणि भलं करायला जाणार. आत तीन गाड्यांचं पेट्रोल. मग काय.

मिस्त्री म्हणाला, करता येतं, पण चौकटीला भोक पाडून बाहेरच्या बोल्टाला आतून दांडा जोडावा लागेल, आणि ते आत्ताच. परवा सकाळी आतून प्लाय मारायचाय, त्यानंतर वेल्डिंग केलं तर प्लाय पेटेल. पोराला फोन लावला. पोरगा म्हणाला, भोक पाडलं की चोर तार घालून बोल्ट काढणार, मग बंद ट्रॉली कशाला करायची? त्याचंही खोटं नव्हतं. मी मिस्त्रीला म्हणालो, घरी बोलून सांगतो. ही वाटेत माझ्याशी बोलली नाही. जीपमधून उतरल्यावर एवढंच म्हणाली, "इसरू नका."

घरी आल्यावर तिनं चहा टाकला आणि म्हणाली, छातीवर कुणी तरी बसल्यागत होतंय. गाडी मिळाली, दवाखान्याच्या दारात पोचलोही. डॉक्टरनं गाडीतच बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला नदीवर नेलं. संध्याकाळी ओसरीवर माणसं बसली होती. जो तो मला पाणी प्या म्हणत होता. मला पाणी नको होतं. सकाळी प्लायवाला येणार होता. मी पोराला म्हणालो, "मिस्त्रीला फोन लाव. कडीचं सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले. "आबा, आज? आईला आत्ता पोचवून आलोय आपन."

"म्हनूनच म्हनतोय."

माझी मेव्हणी हळूच कुणाला तरी म्हणाली, दाजींना धक्का बसलाय. मी तिला म्हणालो, धक्का-बिक्का काही नाही, उद्या प्लाय बसतोय. पोरानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं आबा. बरं. करू."

असलं बरं मला कळतं. आजारी माणसाला म्हणतात ते बरं. मीसुद्धा म्हणालोय माझ्या बापाला. त्यात काही करायचं नसतं. मला पोराचा राग आला आणि हिचाही आला. एवढं एक अडकवून ठेवायचं आणि निघून जायचं. मग वाटलं, आता तिला काय करायचंय कडीशी. पण पोरगं तर त्या डब्यात झोपणारच होतं. ते काही तिच्याबरोबर संपलं नव्हतं.

सावडणं सकाळी आठाला ठेवलं होतं. मी उजाडता उजाडता काठी घेऊन रस्त्याला आलो. सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये हे मला माहीत आहे. दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, आबा, आज तुमच्याकडं सावडायचंय ना? म्हणालो, हाय, तवर येतो. त्यानं दार उघडून दिलं.

मिस्त्रीनं शटर नुकतंच वर केलं होतं. प्लायचे तक्ते भिंतीला लावून ठेवले होते. मला बघून म्हणाला, "या आबा. मावशी न्हाई आल्या?"

"काल जाळली तिला," मी म्हणालो. "कडी बसव."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, मी करतो, पण गाडी पोराची आहे, तो त्या दिवशी नको म्हणाला होता, त्याला एकदा विचारू द्या.

"रातच्याला बरं म्हनलाय तो."

"खरंच म्हनला?"

"दहा मान्सांदेखत म्हनला. करू म्हनला."

खोटं नव्हतं. मिस्त्रीनं फोन लावला तर पोराचा फोन बंद होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तक्त्यांकडे. मग प्लायवाल्याला फोन करून म्हणाला, दुपारी ये. चौकटीला भोक पाडलं. दांडा मापून कापला. चोराचं त्यानंच काढलं, भोकावर बाहेरून जाड पट्टी ठोकली. पण तार जाणारच नाही असं काही तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. वेल्डिंगच्या वेळी मला म्हणाला, तिकडं तोंड करा. मी केलं. झाल्यावर कडी सरकवून बघा म्हणाला. नवीन लोखंड, अजून गरम, जड सरकलं. मी म्हणालो, ऑइल घाल. त्यानं घातलं. मग तो स्वतःच मोटारसायकलवर मला नदीपर्यंत घेऊन आला आणि लांबच थांबला.

माणसं तशीच उभी होती. भटजी घड्याळ बघत होता. पोरगा पुढं आला. रागानं त्याचा आवाज बसला होता.

"कुठं व्हता आबा? आमी विहिरीत बघून आलो."

"मिस्त्रीकडं. तू बरं म्हनला व्हतास, त्याला तसं सांगून आलो. कडी बसली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दुधाचा तांब्या माझ्या हातात दिला आणि राखेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. मी दूध शिंपडलं. राख आतून अजून ऊन होती. मी पायाकडच्या बाजूनं सावडायला घेतलं.