काळी, पांढरी आणि बिराजदार सर

प्रा. रेवणप्पा बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट तंत्रनिकेतनाच्या वर्गात झाली, असे लिहायला हवे. पण वर्गात मी शेवटच्या बाकावर असे आणि मातीच्या परीक्षणाच्या तासाला हमखास पेंगत असे. खरी ओळख झाली ती भर मे महिन्यात, विजापूर रस्त्याकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात मान्यवर त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितीलच. मी त्या दुपारविषयी लिहितो.

आम्ही सोलापूरजवळच्या मंद्रूप गावचे. आईला आठवड्यातून दोनदा सोलापूरच्या दवाखान्यात आणावे लागे. तो प्रवास तिला सोसवेना, म्हणून शहरात घर बांधायचे ठरले. वडील, म्हणजे आमचे दादा, रान सोडायला मुळीच राजी नव्हते. शेवटी एका अटीवर तयार झाले. "जागा मी बघणार. मातीतलं मला कळतंय, बाकी तुमी बघा." महिनाभर हिंडून त्यांनी जागा पसंत केली ती नेमकी काळीभोर. जन्मभर शेती केलेला माणूस दुसरी कुठली निवडणार!

व्यवहार दुसऱ्या दिवशी पक्का व्हायचा होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचे घर हलवते, एवढे पेंगतानाही माझ्या कानावर पडले होते. पण दादांना सांगणार कोण? त्यांच्या पसंतीला नावे ठेवली असती, तर ते तडक गावाकडे परतले असते आणि आईचे हाल चालूच राहिले असते. घाबरतच मी सरांचे दार ठोठावले. सर लगेच स्कूटर काढून निघाले. दादा प्लॉटवरच होते.

जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. आता सर व्याख्यान देणार, या धास्तीने मी खाली मान घातली. सरांनी एक ढेकूळ उचलून दादांच्या हातात दिले.

"मालक, कशी हाय?"

"लई भारी. हितं जवारी पुरुषभर वाढंल."

"व्हय की. मग मंद्रूपची वस्ती असल्याच मातीत हाय का?"

"न्हाय. वस्ती पांढरीवर. काळी रानाला..." दादा बोलता बोलता थांबले. ढेकूळ उलटसुलट करत म्हणाले, "आमचं आजोबा गोठासुदीक काळीत बांधू देत नव्हतं. भिंती फाटत्यात."

"का फाटत्यात, मला जरा सांगा," म्हणत सर चक्क एका दगडावर ऐकायला बसले.

वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हे शब्द दादांच्या तोंडी रोजचे होते. शहरात येऊन जमिनीला 'प्लॉट' म्हणू लागले आणि तेवढे विसरले. मग त्यांनी स्वतःच फावडे मागवून खड्डा घ्यायला लावला. छातीएवढा खोल गेला तरी काळी सरेना. दादांनी जागा स्वतःच सोडली. चढावरचा मुरमाड प्लॉट बघून मात्र ते कुरकुरले, "ह्यात कुसळ बी उगवायचं न्हाय."

"घर उगवंल की," सर म्हणाले.

घर तिथेच झाले. अंगणासाठी दादांनी आपल्या रानातली दोन ट्रॉली काळी माती आणली. ती भिंतीपासून लांब कशी टाकायची, मुरमात आळी करून झाडे कशी लावायची, हे सरांनी उभे राहून दाखवले. आईची जाई तिथे चांगली फोफावली.

सरांचा सच्चेपणा पाहायचा असेल तर त्यांच्या घरी जावे. तरुणपणी त्यांनी स्वतःच काळ्या मातीवर उथळ पाया घेतला होता. बैठकीच्या भिंतीतली ती भेग त्यांनी कधी बुजवली नाही. उन्हाळ्यात किती रुंदावते, पावसाळ्यात किती मिटते, याच्या पेन्सिलीच्या खुणा तिथे आहेत. जागा घेणाऱ्या प्रत्येकाला ते आधी चहा देतात आणि मग ती भेग दाखवतात. आमच्या वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणतात, "नवऱ्याची चूक भिंतीवर लावून ठेवलेलं आमचंच एक घर."

आई त्या घरात बरीच वर्षे राहिली. ती गेली तेव्हा दादा आता मंद्रूपला परततील, असे आम्ही धरून चाललो होतो. ते आले होते तेच तिच्यासाठी. त्यांनी पिशवीही भरली होती. त्या रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. सर आत आले नाहीत, सांत्वनाचे काही बोललेही नाहीत. म्हणाले, "मालक, दोन खड्डे बघायचे हायती. मला एकट्याला उमजंना." सरांना सगळे उमजते, हे मला ठाऊक होते, दादांनाही असणार. तरी दादा पिशवी ठेवून स्कूटरवर मागे बसले. त्याला आता आठ वर्षे झाली.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि गुडघे खड्ड्यात उतरण्याइतके शाबूत राहोत. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ऐंशी ओलांडलेले आमचे दादा आजही रविवारी सात वाजताच टोपी घालून पायरीवर बसतात, आणि हॉर्न ऐकू येईपर्यंत चहाला हात लावत नाहीत.