लेलंड टोलेफसनची जबानी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला, दुभत्या गाई पाळणारा शेतकरी लेलंड टोलेफसन कामाला वाघ, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

एका ऑक्टोबरात त्याची बायको आर्डिस गावातल्या औषधांच्या दुकानात फ्लूची लस टोचून घेऊन आली. सुई उजव्या खांद्यावर फारच वर टोचली गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात, दूध काढायच्या यंत्राची नळी डोक्यावरच्या पाइपाला जोडायला तिनं हात उचलला आणि कळवळून खाली घेतला.

"एवढीशी सुई टोचली तर राणीसाहेब गळाल्या!" लेलंड मजुरासमोरच म्हणाला. "तुझ्यापेक्षा वासरं बरी. टोचलं तरी हूं की चूं करत नाहीत."

त्यानंतर आर्डिसनं खांद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. डाव्या हातानं रेटत राहिली. थंडी सरता सरता तिला कोटही अंगात घालता येईना, तेव्हा बहिणीनं तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. लस स्नायूऐवजी सांध्यात गेली होती. खांदा आखडला होता, तो बहुधा कायमचाच.

वकीलही बहिणीनंच शोधली. ती वकील स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून म्हणाली, "अशा दुखापतींसाठी सरकारी निधी आहे. कोणावर ठपका ठेवायचा नाही. फक्त दुखणं लशीनंतर दोन दिवसांत सुरू झालं, एवढं दाखवावं लागतं. तुम्ही डॉक्टरकडे इतक्या उशिरा का गेलात? त्याआधी कोणाच्या लक्षात आलं होतं का?"

आर्डिस टेबलाकडे बघत म्हणाली, "नाही हो. कोणाच्याच नाही."

समोर बसलेल्या लेलंडचे कान तापले. आपल्यावर पांघरूण घालायला ही स्वतःचा दावा बुडवत होती.

"माझ्या आलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

"इतकं पक्कं कसं आठवतं?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"मी तिची टिंगल केली होती म्हणून."

"काय म्हणालात?"

"तेही सांगायचं?"

"सांगितलंत तर बरं."

त्यानं सांगितलं. वासरांचंही सांगितलं. वकिलीणबाईंनी लिहून घेतलं आणि सगळं परत वाचून दाखवलं. परक्या बाईच्या सपाट आवाजात आपलेच शब्द ऐकताना लेलंडला मान वर करवेना.

"बरोबर आहे," तो पुटपुटला.

फोन ठेवल्यावर आर्डिस म्हणाली, "मजूर हसला होता. ते राहिलं."

दोनेक वर्षांनी दावा मंजूर होऊन पैसे मिळाले. हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. पशुखाद्याच्या दुकानात शेजारच्या गार्थनं विचारलं, "नशीबवान आहेस लेका! असं काय सांगितलंस, की त्यांना पटलं?"

"मी जे केलं ते," लेलंड म्हणाला.

थट्टा समजून सगळे हसले. पोती तिथंच टाकून तो बाहेर गाडीत जाऊन बसला.